घरच्या कोंबड्या : त्यांचे आजार व त्यांच्या खोडी

केज तालुक्यांतील खेड्यांत ज्या घरीं गाय नाहीं, शेळी नाहीं, शेताचा तुकडाही नाहीं, अशा घरींही चारपांच कोंबड्या बहुधा असतातच. आणि त्या घरच्या बाईच्या असतात, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्वारी किंवा सोयाबीन विकलें तर पैसा घरधन्याच्या हातीं जातो. अंडीं विकलीं तर तो बाईच्या पदराच्या गांठीस राहतो. त्यांतूनच मुलाची वही, मीठमिरची व दवाखान्याचें जाण्यायेण्याचें भाडें निघतें. म्हणून कोंबडीचा आजार हा क्षुल्लक विषय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आम्ही पशुवैद्य नव्हों. परंतु पशुवैद्यांकडून जें ऐकलें, पुस्तकांतून जें वाचलें व स्वतःच्या खुराड्यांत नुकसान सोसून जें शिकलों, तें येथें मांडतों. सुवार्तिक बंधूंनीं हें बायांच्या वर्गांत वाचून दाखवावें, कारण ज्यांस ह्याची गरज आहे त्यांतील पुष्कळींस वाचतां येत नाहीं.

प्रथम मानमोडीविषयीं. गांवच्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा काळ हाच. कोंबडी सुस्त होते, पंख खालीं सोडते, तोंड उघडून धापा टाकते, हिरवट पांढरी पातळ विष्ठा करते. कांहीं कोंबड्यांची मान पिळल्यासारखी वळते, त्या मागें मागें चालतात किंवा गोल फिरतात. कांहीं तर कोणतेंही लक्षण न दाखवितां सकाळीं खुराड्यांत मेलेल्या आढळतात. ह्या रोगास पुस्तकांत राणीखेत असें नांव आहे. सन १९२६ च्या सुमारास जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराच्या आसपास हा रोग प्रथम ओळखला गेला, आणि पुढें लवकरच आपल्या देशांत कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो दिसून आला. त्यावरून हें नांव पडलें. विलायतेंत त्यास न्यूकॅसलचा रोग म्हणतात. प्रत्येक देश रोगास दुसऱ्या कोणाच्या तरी गांवाचें नांव देतो असें म्हणतात. येथें मात्र आपण आपल्याच गांवाचें दिलें.

हा रोग डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूपासून होतो. तो आजारी कोंबडीच्या विष्ठेंतून व नाकातोंडाच्या स्रावांतून बाहेर पडतो, आणि दाणापाणी, डालगें, माणसाची चप्पल ह्यांच्यावाटे दुसऱ्या खुराड्यांत जातो. एकदां रोग जडल्यावर त्यास औषध नाहीं. दुकानदार गोळ्या देतात, लोक विकत घेतात, आणि ज्या एकदोन कोंबड्या मूळच्या बळकटपणामुळें वांचतात त्यांचें श्रेय गोळीस मिळतें. कोणी ह्यास मरीआईचा कोप म्हणतात, कोणी शेजारणीची दृष्ट. आणि सहा कोंबड्या मेल्या म्हणून सातवी, जी कदाचित् वांचली असती, ती उताऱ्यांत देऊन टाकतात. दृष्ट लागते ती शेजारणीची नव्हे, तिच्या अंगणांतून आपल्या अंगणांत आलेल्या चिखलाची.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी आम्ही एका आठवड्याच्या बाजारांतून एक तांबडी तलंग विकत आणिली. दिसण्यांत ती उत्तम होती. आमच्या घरांतून सूचना झाली कीं, तिला कांहीं दिवस निराळ्या डालग्याखालीं ठेवावें. परंतु आम्हांस तें उगीच वाटलें, आणि त्याच सायंकाळीं ती इतर दहांबरोबर खुराड्यांत गेली. पांचव्या दिवशीं तिनें मान टाकली. पुढील दहा दिवसांत अकरांपैकीं नऊ गेल्या. नवीन कोंबडी निदान दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी, तिचें पाणी वेगळें असावें, आणि आपल्या कोंबड्यांस दाणा घालून झाल्यावर मग तिच्याकडे जावें, हा नियम आम्ही अशा किंमतीस शिकलों.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती अधिक अवघड आहे. दसरा दिवाळी झाली कीं आमच्या तालुक्यांतील हजारों माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. कांहीं कुटुंबें कोंबड्या बरोबर नेतात व कारखान्याजवळच्या कोपीपाशीं बांधतात. तेथें निरनिराळ्या जिल्ह्यांच्या कोंबड्या एकत्र येतात. कांहीं कुटुंबें त्या घरीं म्हाताऱ्या माणसांवर सोंपवितात. अशाच एका घरीं माघ महिन्यांत आम्ही गेलों असतां एक आजी दोन नातवंडांसह ओट्यावर बसल्या होत्या, आणि डालग्यांत सात कोंबड्या बांधून ठेविल्या होत्या. त्यांतील दोघींनीं पंख सोडले होते.

"कुठं निघालात, आजी?" आम्हीं विचारलें.

"बाजाराला, पाळकसाहेब. आजारी दिसली की लगोलग बाजार दाखवावा, न्हाईतर हातची जाती. चारशे रुपयं कोण देणार मला?"

आम्हीं सांगितलें कीं, ह्या बाजारांत गेल्या तर तेथून दहा गांवांस रोग जाईल. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं बी तसाच आला की. मला कुणी सांगितलं व्हतं?"

ह्यावर आम्हांजवळ तात्काळ उत्तर नव्हतें. आजारी कोंबडी खोटें न सांगतां विकतां येत नाहीं, हें खरें. पण ज्या घरांत चैत्रापर्यंत दुसरा पैसा येणार नाहीं त्या घरांतील म्हातारीस एवढेंच सांगून आपण चहा पिऊन निघून जावें, हेंही आम्हांस बरें वाटलें नाहीं. शेवटीं त्या दिवशीं आजी बाजारास गेल्या नाहींत. पांच कोंबड्या मेल्या, दोन राहिल्या. मेलेल्या आम्हीं व थोरल्या नातवानें घरापासून दूर हातभर खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरल्या. वांचलेल्या दोहोंपैकीं एक पुढें खुडूक बसली, तिच्याखालीं मंडळींतील निरनिराळ्या घरांनीं मिळून बारा अंडीं दिलीं. पण हें सर्व रोग आल्यानंतरचें. खरें काम रोग येण्यापूर्वींच करावयाचें आहे.

तें काम म्हणजे लस. कुमाऊंमधीलच मुक्तेश्वर येथील सरकारी संशोधनशाळेच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सौम्य विषाणूपासून मोठ्या कोंबड्यांची लस तयार होते, आणि पुण्यास औंध येथें सरकारी संस्थेंत पशुपक्ष्यांच्या लसी तयार होतात. पिलूं ५ ते ७ दिवसांचें असतां लासोटा नांवाच्या लसीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकपुडींत घालतात. पुढें सुमारें ८ आठवड्यांचें झाल्यावर दुसऱ्या, अधिक जोरदार लसीची सुई कातडीखालीं देतात. ही दुसरी लस लहान पिलांस कधींही देऊं नये, तिनें तीं आजारी पडतात. लस पुन्हा केव्हां टोंचावी तें डॉक्टरांस विचारून लिहून ठेवावें. आजारी कोंबडीस लस देणें व्यर्थ आहे. जंत पडले असल्यास आठवडाभर आधीं जंताचें औषध द्यावें.

मग लोक लस कां देत नाहींत? आळस हें त्याचें कारण नव्हे. लसीची कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांस पुरेल एवढी असते, ती बर्फांत ठेवावी लागते, आणि एकदां पाण्यांत कालविली कीं दोन तासांच्या आंत संपवावी लागते. सात कोंबड्यांची बाई ती कुपी घेऊन काय करील? म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे, वस्तीचें आहे. सुवार्तिकानें प्रथम घरोघर जाऊन कोंबड्यांची मोजणी करावी, ती पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावी, आणि दिवस ठरवून घ्यावा. आदल्या रात्रीं सर्वांनीं कोंबड्या खुराड्यांत कोंडून ठेवाव्या. दिवस उजाडल्यावर सुटलेली गावरान कोंबडी धरणें हें तरण्याबांड पोरांसही जमत नाहीं. लस थर्मासमध्यें बर्फ घालून आणावी व उन्हांत ठेवूं नये. आणि मंडळीच्या घरांपुरतेंच थांबूं नये. शेजारचें खुराडें राहून गेलें तर रोगास राहण्यास घर मिळालें.

इतर आजार थोडक्यांत सांगतों. तुऱ्यावर, डोळ्यांभोंवतीं व चोंचीच्या कडेस खपल्या येतात त्या देवी. डांस चावून त्या पसरतात, म्हणून पावसाळ्यांत व त्यानंतर अधिक. ह्याचीही लस आहे. खपल्या ओढून काढूं नयेत; तोंडांत पांढरे थर आले तर मात्र कोंबडी खाणें सोडते व दगावते. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांस रक्ताची हगवण लागते ती ओलसर खुराड्यामुळें. ह्यास औषध आहे, अँप्रोलियम म्हणून तें पाण्यांतून देतात. परंतु खालची जागा कोरडी न केल्यास औषध पुरे पडणार नाहीं. वैशाखांत दुपारीं सर्वच कोंबड्या तोंड उघडून धापा टाकतात व सायंकाळीं पूर्ववत् चरूं लागतात, तो रोग नव्हे, ऊन आहे. सावली व मातीच्या भांड्यांतील गार पाणी हेंच त्यावर औषध.

गोचिडांविषयीं मात्र थोडें अधिक सांगणें भाग आहे, कारण आमच्या कोरड्या मुलुखांत तें दुखणें फार आणि ओळखणारे थोडे. हा कोंबडीचा गोचीड दिवसां अंगावर सांपडत नाहीं. तो भिंतीच्या व लांकडाच्या फटींत लपतो आणि रात्रीं बाहेर येऊन रक्त पितो. कोंबडी फिक्की पडते, तुरा पांढरट होतो, तिला ताप भरतो, आणि धनी तिच्या अंगावर कांहींच न दिसल्यामुळें बुचकळ्यांत पडतो. रात्रीं विजेरी घेऊन खुराडें पहावें. फटी चुन्यानें किंवा मातीनें बुजवाव्या, भिंतीस चुना द्यावा, बसण्याचें लांकूड काढून उकळतें पाणी ओतावें. उवांसाठीं राख व बारीक माती ह्यांचा एक खळगा करून द्यावा. कोंबडी त्यांत लोळते ती खेळ म्हणून नव्हे, तें तिचें स्नान आहे.

एक सावधगिरी. पुष्कळ कोंबड्या एकाएकीं मेल्या, किंवा त्यांच्याबरोबर कावळेही मेलेले दिसले, तर हात लावूं नये, मुलांस जवळ जाऊं देऊं नये, व त्याच दिवशीं दवाखान्यांत कळवावें. सन २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें व सन २०२१ च्या जानेवारींत आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं बर्ड फ्लू आला होता. दिसण्यांत तो मानमोडीसारखाच असतो, आणि निदान प्रयोगशाळेंतच होतें. मेलेली कोंबडी शिजवून खाण्याची चाल कोठें कोठें अजून आहे, ती सोडावी.

आतां खोडी. कोंबडी आपलेंच अंडें फोडून खाते, तेव्हां तिची मान मुरगळण्यापूर्वीं अंड्याचें टरफल पहावें. टरफल पातळ असेल तर अंडें आपोआप फुटतें, आणि एकदां चव लागली कीं ती मुद्दाम फोडूं लागते. चुनखडीचे बारीक खडे किंवा भाजून कुटलेलीं अंड्यांचीं टरफलें तिच्यापुढें ठेवावीं. पूर्ण चुरा करावा, म्हणजे तिला अंड्याची आठवण होणार नाहीं. अंधाऱ्या कोपऱ्यांत भुसकट घालून टोपली ठेवावी व दिवसांतून दोनदां अंडीं काढावीं. अंड्यांत मिरचीचें वाटण भरून ठेवण्याचा उपाय आम्हीं करून पाहिला. आमच्या कोंबडीनें तेंही आवडीनें खाल्लें.

एकमेकींस टोंचणें हें दाटीमुळें, उन्हामुळें किंवा नुसत्या ज्वारीवर ठेवल्यामुळें होतें. थोडी शेंगदाण्याची पेंड व हिरवा पाला द्यावा. रक्त आलेल्या कोंबडीस तत्काळ वेगळी करून हळद व तेल लावावें, कारण रक्त दिसलें कीं बाकीच्या तिला जिवंत ठेवीत नाहींत. थोडीबहुत टोंचाटोंची मात्र स्वाभाविक आहे. कोंबड्यांत कोण कोणास टोंचील ह्याचा क्रम ठरलेला असतो, हें शेल्डरुप-एब्बे नांवाच्या नॉर्वेतील एका गृहस्थानें शंभर वर्षांपूर्वीं निरीक्षणानें दाखवून दिलें. नवी कोंबडी आली कीं हा क्रम पुन्हा ठरतो, आणि चारदोन दिवस भांडण चालतें. वेगळें ठेवण्याची मुदत संपल्यावर तिला रात्रीं अंधारांत आंत सोडावें.

खुडूक कोंबडीचा छळ पाहून आम्हांस वाईट वाटतें. तिला पाण्यांत बुडवितात, नाकपुडींतून पीस ओंवतात. ती आजारी नाहीं. तिला पिलें हवीं आहेत. गावरान कोंबडीचा हा गुण म्हणजे गरिबाचें फुकटचें उबवणयंत्र आहे. गिरिराज, वनराज ह्या जातींत तो जवळजवळ नाहीं. बसवावयाची असेल तर ताजीं दहाबारा अंडीं द्यावीं, आणि २१ दिवस दाणापाणी जवळ ठेवावें. बसवावयाची नसेल तर खालून हवा लागेल अशा विरळ विणीच्या डालग्यांत, जमिनीपासून वर, दाणापाण्यासह तीनचार दिवस ठेवावी; पोटाखालची ऊब गेली कीं खुडूकपणा जातो.

अंडीं बंद झालीं म्हणून दृष्ट काढूं नये. पिसें गळत असतील, किंवा मार्गशीर्ष पौषांत दिवस लहान झाला असेल, तर कोंबडी विसावा घेते. पिसें झडलेली कोंबडी पुष्कळ लोक ह्याच वेळीं कापतात, आणि दीड महिन्यांत जी अंडीं देऊं लागली असती ती गमावतात.

ज्या गांवांतून लोक ऊसतोडीस जातात त्या गांवच्या सुवार्तिकांनीं मोजणी भाद्रपदांतच करावी. लस टोंचल्यावर बळ येण्यास दोनतीन आठवडे लागतात. मुकादमाची गाडी दाराशीं उभी राहिल्यावर लस देऊन उपयोग नाहीं. ज्या कोंबड्या बरोबर जाणार त्या व ज्या घरीं राहणार त्या, दोहोंची यादी निराळी लिहावी, आणि घरीं राहणाऱ्यांपुढें त्या सांभाळणाऱ्या माणसाचें नांव लिहावें.