चामड्याची जाळी व तिची जोडणी

चामड्यात कोरलेली जाळी पाहताना कोरणाऱ्याच्या हाताचे कौतुक वाटते. परंतु ती किती काळ टिकेल, हे खालच्या थरावर ती कशी बसविली आहे यावर अवलंबून असते. पंधराव्या शतकातील इराणी परंपरेच्या ग्रंथबांधणीत याचा प्रत्यय येतो.

तैमूरचा नातू बायसुंगुर (मृत्यू १४३३) याने आजच्या अफगाणिस्तानातील हेरात येथे मोठी ग्रंथशाळा चालविली. त्याने तब्रीझहून आणलेल्या कारागिरांत किवामुद्दीन हा बांधणीकार होता, असे दोस्त मुहंमदने सुमारे १५४४ साली लिहून ठेवले आहे. त्या काळच्या उत्तम ग्रंथांच्या पुठ्ठ्यांवर बाहेरून नक्षी दाबून उठविलेली असे. कोरीव जाळी मात्र आतल्या बाजूस, निळ्या किंवा अन्य रंगीत भूमीवर बसविलेली आढळते. हाताळणीचे घर्षण आत पोहोचत नाही, म्हणून ती जागा जाळीला सुरक्षित होय.

जाळीसाठी शेळीचे कातडे पाठीमागून तासून पातळ करावे लागते. जाड राहिलेली कडा वर उचलली जाते व बोटाला अडकते. आराखड्यात प्रत्येक वेल दुसऱ्या वेलीस अथवा चौकटीस जोडलेली असावी. एकाच देठावर लोंबणारे पान सर्वांत आधी सुटते.

खळ जाळीच्या पाठीवर पातळ लावावी. ती अधिक झाल्यास छिद्रांतून बाहेर येऊन रंगीत भूमी डागाळते. शिवाय वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे पाणी शोषून सैल पडते, वाळताना आक्रसते आणि नक्षी वाकडी होते. जाळी न ताणता, मध्यापासून कडांकडे दाबत बसवावी व स्वच्छ कागद ठेवून समान वजनाखाली पूर्ण वाळू द्यावी.

पिशवी किंवा जोडा यांवर जाळी बाहेर असते आणि चामडे सतत वाकते. तेथे केवळ खळ पुरेशी नाही. चौकटीवर शिवण घालावी, आरीची छिद्रे कडेपासून थोडी आत घ्यावीत आणि घडी पडते त्या जागी जाळी टाळावी.

कोरताना तुकडा बिघडला तर दुसरा घेता येतो. चुकीच्या जागी चिकटलेली जाळी मात्र उचलू जाताच नाजूक वेल फाटते, आणि अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. म्हणून खळ लावण्यापूर्वी जाळी एकदा कोरडीच मांडून पाहणे हिताचे ठरते.