सोनू, अकोल्याची खोली सोड

मेहकर

चि. सोनूस,


काल तुझ्या बाबाचा फोन आला. नीटचे मार्क मागच्या खेपेपेक्षा वाढले, तरी एमबीबीएसला नंबर लागण्यासारखे नाहीत आणि पोरगी दोन दिवसांपासून धड जेवत नाही, असं तो म्हणाला. मागून तुझ्या आईनं विचारलं, "अकोल्याची खोली अजून वर्षभर ठेवायची का, ताई?" त्यांना मी काही बोलले नाही. तुलाच सांगते. खोली सोड. तिसऱ्यांदा परीक्षेला बसू नकोस.

राग आला तरी पत्र पुरतं वाच.

शाळेत असताना मला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड. करायचं आणि भूगोल शिकवायचा, सगळं ठरलेलं. 1972 च्या दुष्काळात आमचा अर्धा वर्ग आईबापासोबत खडी फोडायला जायचा. शाळेत सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकर. ती गार झाली की तुटता तुटत नसे. अशा दिवसांतही भूगोलाच्या सरांनी आमच्याकडून गावाचा नकाशा काढून घेतला. पारावर उभं करायचे, उत्तर कुठे ते विचारायचे, मग पावलं मोजत विहिरीपर्यंत, तिथून पैनगंगेच्या उतारापर्यंत न्यायचे. मोजणी चुकली की परत पारापासून सुरुवात. एवढं कशाला, असं आम्हाला वाटायचं.

1975 ला दहावी झाले. नव्या पद्धतीच्या दहावीची ती पहिलीच बॅच. दुष्काळात बैलं विकलेली, डोक्यावर कर्ज, डी.एड.ला पैसे कुठले? नर्सबाईच्या कोर्सला विद्यावेतन मिळायचं, म्हणून तिकडे गेले. रडत गेले, हे तुझ्या बाबाला ठाऊक नाही, तो तेव्हा रांगत होता. पुढे उपकेंद्र मिळालं, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली, आणि केव्हा तरी रडू थांबलं.

1995 ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा प्रत्येक वस्तीची यादी आणि नकाशा हवा होता. यादीत गावठाण असायचं. वीटभट्टीवरची पालं, शेतातली सालदाराची खोपटी, डोंगराकडचा तांडा सुटून जायचा. मी सरांसारखीच पारापासून निघाले आणि पावलं मोजत कागदावर सगळं मांडलं. भट्टीमागच्या पालात एक बाई तान्ह्याला घेऊन बसली होती. तिच्याकडे तोवर कुणीच गेलं नव्हतं. त्या लेकराच्या तोंडात थेंब टाकताना मला सर आठवले. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात माझ्या त्या नकाशाचाही वाटा आहे असं मी मानते. भूगोल शिकवायचा राहिला, पण तो वाया गेला नाही. तुझं दोन वर्षांचं जीवशास्त्रही वाया जाणार नाही.

आमच्या वर्गातली एक जण दहावीला इंग्रजीत गेली आणि तिचं लगेच लग्न लावून दिलं. 1992 च्या घटनादुरुस्तीनं बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि ती सरपंच झाली. गावची विहीर तिनं खोल करून घेतली. आम्ही शाळेत होतो तेव्हा बाईला सरपंच होता येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एकाच परीक्षेवर सगळं आयुष्य टांगून ठेवू नये, असं मी म्हणते ते हे सगळं बघून.

आणि आपल्या मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे बघ. 1909 चा जन्म, सेंदुरजनचे. शिकले कायदा, वकिली केली इथंच, या तालुक्याच्या गावात. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि ती तबकडी महाराष्ट्रभर वाजली. गाणाराही वकिलीच शिकलेला, पुढे तो एचएमव्हीत गेला. ना. घं.ना 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमी मिळालं ते 1986 ला, सत्तरी ओलांडल्यावर. पोटासाठी एक धरलं म्हणून मनातलं दुसरं त्यांनी टाकून दिलं नाही.

तुझ्या मनातलं काय, ते मी बघितलंय. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळे मोबाइलवर फोटो बघत होते; तू बाटली भरून आणलीस, खिडकीत ठेवलीस आणि रोज वहीत लिहिलंस. गुलाबी गाळ खाली बसला, वरचं पाणी निवळलं. पुढे शास्त्रज्ञांनीही खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचंच कारण सांगितलं. आम्हाला तर शाळेत लोणार म्हणजे विझलेला ज्वालामुखी असंच शिकवलं होतं. 1973 ला तिथल्या बसाल्टमध्ये आघातानं झालेली काच दाखवून शास्त्रज्ञांनी उल्कापाताची बाजू पक्की केली. दगडाजवळ जाऊन तो फोडून बघितला, तेव्हा ते कळलं.

डॉक्टर व्हायची इच्छा वाईट नाही, दुसऱ्यांदा बसलीस तेही बरोबरच होतं. पण दिवाळीत तूच म्हणालीस, "आत्या, मला व्हायचंय की बाबाला करायचंय, हेच आता कळत नाही." एवढं कळेनासं झाल्यावर तिसरं वर्ष कशाच्या बळावर काढशील?

त्यापेक्षा हे बघ, अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकवतात. दुष्काळाच्याच काळात सरकारनं भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा उभी केली. हापशी कुठे घ्यायची ते दगड बघून सांगणारी माणसं तेव्हापासून गावोगाव फिरतात. आपल्या घाटावरच्या भागात त्या विद्येची गरज संपलेली नाही. बाबाशी मी बोलते. तो आधी चिडेल, मग ऐकेल. लहानपणापासून त्याचं तसंच आहे.

बी.एस्सी.चे फॉर्म सुटलेत. टी.सी., बारावीची मार्कलिस्ट, डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेयर जवळ काढून ठेव. नॉन-क्रीमीलेयरची मुदत संपली असेल तर आजच सेतूत अर्ज टाक, त्याला वेळ लागतो. रविवारी मी अकोल्याला येते. गादी आणि पुस्तकं धरून सामान किती होईल ते कळव, म्हणजे एसटीनं आणायचं की गाडी सांगायची ते ठरवते. आणि आज जेव.

तुझी,
आत्या