डिझेलची गाडी शर्यत जिंकते का?

प्रश्न : आमच्याकडे विहिरीवरचं जुनं ऑईल इंजिन, ट्रॅक्टर आणि जीप असं सगळं डिझेलवरचं. डिझेल ओढायला चांगलं, पळायला नाही, असं वडील म्हणतात. पण ऑडी कंपनीच्या डिझेल गाडीनं जगातली मोठी शर्यत जिंकली होती, असं कानावर आलं. हे खरं का? ऑडी तर आपल्या संभाजीनगरजवळ तयार होते, मग ती गाडीही तिथलीच का? अशी गाडी कुणा भारतीयानं चालवली आहे का?
– एक वाचक, ता. उमरगा, जि. धाराशिव

उत्तर : खरं आहे. एकदा नव्हे, ऑडीच्या डिझेल गाड्यांनी ही शर्यत आठ वेळा जिंकली. गंमत अशी की त्या जिंकण्यामागे तुमच्या वडिलांनी सांगितलेला गुणच होता.

फ्रान्समधल्या ल मां गावी दरवर्षी 24 तासांची शर्यत होते. साडेतेरा किलोमीटरचा फेरा, एका गाडीला तीन चालक आळीपाळीनं, आणि दिवस-रात्र-पावसात मिळून जो सर्वांत जास्त अंतर कापेल तो विजेता. इथं नुसता वेग पुरत नाही. इंधन भरायला, टायर बदलायला, दुरुस्तीला गाडी जितका वेळ उभी राहील, तितकी ती मागे पडते. कमी इंधनात लांब जाणारी आणि न थकणारी गाडी इथं भारी ठरते.

ऑडीची आधीची आर8 ही पेट्रोलवर चालणारी गाडी 2000 ते 2005 या काळात पाच वेळा जिंकली होती. जिंकणारी गाडी हाताशी असताना कंपनीनं डिझेलचा डाव मांडला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. डिसेंबर 2005 मध्ये आर10 टीडीआय पॅरिसला लोकांसमोर आली. साडेपाच लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन, दोन टर्बो, 650 अश्वशक्ती. म्हणजे 45 एचपीचे चौदा ट्रॅक्टर एकत्र केल्यासारखं. ओढ म्हणजे टॉर्क 1100 न्यूटन-मीटरहून जास्त. या इंजिनाची सारी ताकद मिनिटाला 3000 ते 5000 फेऱ्यांत मिळायची. पेट्रोलवरची शर्यतीची इंजिनं त्याच्या कितीतरी वर फिरतात. इथं मात्र चालकानं जरा पाय दाबला की वळणातून गाडी सुटायची. त्यामुळे पाच गिअर पुरले.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबतात की ती कमालीची तापते, आणि त्यात नोझलमधून डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायला इंजिन जाडजूड लागतं, म्हणून ते जड. शर्यतीच्या गाडीला जडपणा परवडत नाही, म्हणून ऑडीनं इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा केला. बदल्यात एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा मिळाली, आणि ती वापरण्यातही डिझेल काटकसरी. धूर रोखायला गाळण्या बसवल्या. गाडी इतकी शांत निघाली की सरळ रस्त्यावर चालकाला इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त यायचा.

मार्च 2006 मध्ये अमेरिकेत सेब्रिंगच्या 12 तासांच्या शर्यतीत ती पहिल्याच प्रयत्नात जिंकली. जूनमध्ये ल मां. ऑडीचे चालक बीला, पिरो आणि वेर्नर यांनी 380 फेरे मारले; दुसरी आलेली पेस्कारोलो संघाची पेट्रोल गाडी चार फेरे मागे राहिली. ल मां जिंकणारी ही पहिली डिझेल गाडी. पुढच्या वर्षी नियमानं डिझेल गाड्यांची टाकी 90 लिटरवरून 81 लिटरवर आणली, तरी आर10च जिंकली.

माझ्या मते तिची खरी कसोटी 2008 ची. तोवर प्यूजो कंपनीनंही डिझेलची 908 ही गाडी आणली होती, आणि पात्रता फेरीत ती एका फेऱ्यामागे पाच सेकंद पुढे होती. दीड तासात संपणारी शर्यत असती तर ऑडीचं काही चाललं नसतं. रात्री पाऊस आला, प्यूजोच्या गाड्या तापू लागल्या. ऑडीचे मॅकनिश, कापेलो आणि क्रिस्टेन्सन हे तिघं न चुकता एकसारखे पळवत राहिले, आणि सकाळी आर10 पुढे होती. शेवटी ती साडेचार मिनिटांच्या आसपास आधी पोहोचली.

पुढे 2010 मध्ये आर15 जिंकली, आणि 2011 मध्ये सहा सिलिंडरांची आर18. त्या वर्षी तीनपैकी दोन ऑडी भीषण अपघातांत मोडल्या (दोन्ही चालक वाचले) आणि उरलेली एक 14 सेकंदांहूनही कमी अंतरानं जिंकली. 2012 ते 2014 डिझेलला विजेची जोड असलेल्या आर18 जिंकल्या. 2006 ते 2014 सलग नऊ वर्षं ल मां डिझेलनंच जिंकलं. मधलं एक, 2009 चं, प्यूजोचं. मग सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहानं रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या धूर-चाचण्यांत फसवणूक केल्याचं उघड झालं. ऑडी त्याच समूहातली. ज्या लोकांनी ट्रॅकवर डिझेल स्वच्छ आणि काटक करून दाखवलं, त्यांच्याच समूहानं ग्राहकाला फसवावं, याचा मला राग येतो. 2016 अखेर ऑडीनं ल मां सोडलं.

आता संभाजीनगरचं. शेंद्रा एमआयडीसीतल्या स्कोडाच्या कारखान्यात ऑडीच्या रस्त्यावरच्या गाड्यांची जोडणी होते. आर10 तिथली नाही. तिचा सांगाडा इटलीच्या डल्लारानं केला, इंजिन जर्मनीत घडलं. आणि एप्रिल 2020 पासून ऑडी भारतात डिझेल गाड्या विकत नाही.

भारतीयाचं उत्तर चटका लावणारं आहे. 2009 मध्ये कॉलेस या खासगी संघानं दोन आर10 ल मांला उतरवल्या. एकीत कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन होता, आपला पहिला फॉर्म्युला वन चालक. सराव झाला, पात्रता झाली. शर्यत सुरू व्हायच्या थोडं आधी पिटच्या भिंतीवरून उतरताना तो पडला आणि खांदा निखळला. गाडी उरलेल्या दोघांनीच, आन्द्रे लॉटरर आणि चार्ल्स झ्वोल्समन यांनी, 24 तास हाकली आणि सातवी आणली. लॉटरर त्या कामगिरीनं ऑडीच्या नजरेत भरला. पुढे 2011, 2012 आणि 2014 च्या विजयी गाड्यांत तो होता. कार्तिकेयनला मात्र शर्यतीच्या दिवशी ती गाडी मिळाली नाही. ल मांच्या शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला तो 2012 मध्ये चेन्नईचा करुण चंढोक. त्याची गाडी पेट्रोलवरची होती, आणि ती एकूण सहावी आली.