शिकून सेवा सुधारते का?

पुण्यात आज पुष्कळ घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे आहेत. त्यांची शुश्रूषा करायला बाई लागते. गावाकडच्या लेकीसुना त्यासाठी वर्गात जाऊन शिकतात. पण शिकून फरक पडतो का? आम्ही म्हणतो, दोन गोष्टी पाहाव्यात. रोग्याला काय मिळाले? आणि शिकणारीला काय मिळाले?

पुण्याला हे शिक्षण नवे नाही. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी येथे सेवासदन काढले. तेथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकल्या. त्यांत विधवाही होत्या. त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

रोग्याचे भले झाले की नाही, ते मोजून कळते. कसे मोजावे ते गडचिरोलीत पाहू. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावच्याच बायकांना शिकवले. तान्ह्या बाळाला ऊब कशी द्यावी, आजार कसा ओळखावा, औषध कसे द्यावे, हे त्या शिकल्या. त्या घरोघरी जाऊ लागल्या. आधी हजारात ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये ही संख्या २५ वर आली. ज्या ४७ खेड्यांत हे काम नव्हते, तेथे ती ६० च्या आसपासच राहिली. म्हणजे गुण शिक्षणाचाच! पुढे २०११ पासून सरकारने देशभर हे काम आशाताईंना दिले.

पण काम सुधारले म्हणून कमाई सुधारतेच असे नाही. आशाताईंना पगार नाही, मोबदला मिळतो. तो वाढावा म्हणून २०२३ साली महाराष्ट्रात त्यांना संप करावा लागला.

तेव्हा वर्गाची फी भरण्याआधी विचारा. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात. ते काम हाताने करून शिकवतात का? शिकलेल्या बायांच्या रोग्यांना जखमा कमी पडतात का? मागच्या वर्षी शिकून गेलेल्यांना पगार किती? ब्युरोवाला त्यातून किती कापतो? सुट्टी मिळते का?

उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. आता आपल्याला वाचता येते.