निंबाची सावली

(खानदेशात उन्हाळा कडक असतो. तिथे झाड लावणे सोपे, पण जगवणे कठीण. कडुनिंबाचे रोप कसे वाढवावे आणि उन्हाळ्यात त्याला कसे जपावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मे महिन्यात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पारा 45 अंशांपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. गुरे, पाखरे आणि वाटसरू सावली शोधतात. अशा वेळी कडुनिंब मात्र हिरवागार उभा असतो. उन्हाळ्याच्या आरंभी त्याची जुनी पाने गळतात आणि लगेच नवी पालवी फुटते. त्यामुळे ऐन उन्हात त्याची सावली दाट असते.

कडुनिंबाचे शास्त्रीय नाव 'अझाडिराक्टा इंडिका' असे आहे. त्यातील पहिला शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तो 'आझाद दरख्त' या फारसी शब्दांवरून आला आहे. हे झाड आता अरबस्तानातही पोहोचले आहे. मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात हाजींना सावली मिळावी, म्हणून सुमारे 50,000 कडुनिंब लावण्यात आले.

कडुनिंबाचे रोप आपणही तयार करू शकतो. जूनच्या सुमारास निंबोळ्या पिकून पिवळ्या होतात. झाडाखाली पडलेल्या ताज्या निंबोळ्या गोळा कराव्यात. त्यांचा गर धुऊन काढावा आणि बिया सावलीत सुकवाव्यात. या बिया फार दिवस टिकत नाहीत. काही आठवड्यांतच त्यांची उगवण्याची शक्ती कमी होते. म्हणून त्या लवकर पिशवीत पेराव्यात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोप लावण्याजोगे होते.

रोपासाठी उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा. तो काही दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर माती आणि शेणखत मिसळून भरावा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. कडुनिंबाला साचलेले पाणी सोसत नाही. अशा जागी रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. धुळ्याकडच्या मुरमाड जमिनीत खड्डा मोठा घ्यावा आणि त्यात चांगली माती आणून भरावी.

एक-दोन चांगले पाऊस झाले, की रोप लावावे. आधी प्लॅस्टिकची पिशवी कापून काढावी. मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. रोपाला आधारासाठी काठी रोवावी आणि सुतळी सैल बांधावी. शेळ्यांना कोवळा पाला मिळाला, तर रोप वाढत नाही. म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होते. रोपाची मुळे तेव्हा वरच्या मातीतच असतात. ती माती सुकली, की रोपही सुकते. काळ्या जमिनीला तर भेगा पडतात आणि मुळे उघडी पडतात. म्हणून रोपाभोवती आळे करावे. त्यात केळीची वाळलेली पाने किंवा पालापाचोळा पसरावा. त्यामुळे ओलावा टिकतो. आठवड्यातून दोनदा सकाळी किंवा संध्याकाळी बादलीभर पाणी घालावे. पाणी कमी असेल, तर बुडाला बारीक भोक पाडलेले मडके रोपाजवळ पुरावे. भोकात कापडाची वात घालावी. मडके भरले, की पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळते. दोन-तीन उन्हाळे असे जपले, की मुळे खोल जातात. मग झाड स्वतःच्या बळावर उभे राहते.

निगा राखली, तर काय घडते, हे धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावाने दाखवले आहे. साक्री तालुक्यातील या आदिवासी गावाभोवतीचे जंगल तोडीमुळे उजाड झाले होते. बायकांना पाण्यासाठी दूर जावे लागे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 नंतर गावकऱ्यांनी नियम केले. जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही आणि गुरे चारायची नाहीत, असे ठरले. नियम मोडणाऱ्याला दंड होऊ लागला. हळूहळू 400 हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा वाढले आणि विहिरींना पाणी आले. 2025 मध्ये श्री. पवार यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशी सगळेच उत्साहाने येतात. मे महिन्यात मात्र शाळेला सुट्टी असते आणि रोपांना पाणी नेमके तेव्हाच लागते. म्हणून सुट्टीत पाणी कोण घालणार, हे रोप लावण्याआधीच ठरवावे. ज्या रोपाचा कोणी वाली असतो, तेच पुढे सावली देते.

शब्दार्थ

ओस पडणे – रिकामे होणे
पालवी – कोवळी पाने
निंबोळी – कडुनिंबाचे फळ
आळे – रोपाभोवती पाण्यासाठी केलेला खोलगट भाग
निगा राखणे – काळजी घेणे
वाली – सांभाळणारा

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निंबोळ्या केव्हा पिकतात?
(आ) अराफातच्या मैदानात कडुनिंब का लावले?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) निंबोळीच्या बिया लवकर पेराव्यात.
(आ) रोपाभोवती पालापाचोळा पसरावा.

प्र. 3. बारीपाड्याच्या गावकऱ्यांनी जंगल कसे वाढवले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. 4. वाक्यात उपयोग करा : ओस पडणे, निगा राखणे.

उपक्रम : उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतील रोपांना कोणी कोणत्या दिवशी पाणी घालायचे, याचा तक्ता तयार करा व वर्गात लावा.