प्रौढपणी फ्रेंच शिकताना

मातृभाषा कानावाटे येते. परभाषा, विशेषतः प्रौढ वयात, मेहनतीने मिळवावी लागते. यजमानांच्या नोकरीनिमित्त फ्रान्समधील ल्यों शहरी राहण्याचा योग आला, तेव्हा मी चाळिशीला पोहोचले होते. मराठी घेऊन एम. ए. झालेली, चारचौघांत बोलणारी मी तेथे एकाएकी मुकी झाले. माझे दुखणे डॉक्टरांना सांगायचे तर आठ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावे लागे. हे मनाला फार लागले आणि मी वही घेऊन बसले. त्या अभ्यासात जे हाती आले, ते येथे मांडते.

पहिली अडचण उच्चारांची. ‘व्हॅं’ म्हणजे द्राक्षाची दारू, ‘व्हां’ म्हणजे वारा आणि ‘व्हों’ म्हणजे ‘ते जातात’. नाकातून निघणारे हे तीन स्वर वेगळे ऐकू येईपर्यंत वेगळे बोलता येत नाहीत. म्हणून आधी कान तयार करावा. शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा मुके असते. पण पुढे स्वर आला की ते पुष्कळदा जागे होते. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होते. ज्याने संस्कृतातील संधी गिरवले, त्याला याचे नवल वाटू नये.

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोनच. आपले ‘ते टेबल’ तेथे स्त्रीलिंगी, ‘ते पुस्तक’ पुल्लिंगी आणि चंद्र चक्क स्त्रीलिंगी! येथे कारण विचारू नये. भिंत स्त्रीलिंगी का, हे आपण तरी कुठे सांगू शकतो? प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासकट पाठ करावे, हाच उपाय.

अंकांची तर गंमतच आहे. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’ आणि ९९ म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’. पण विसांनी मोजणारी जुनी माणसे आपल्याही खेड्यांत होतीच. बेल्जियम व स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनी मात्र ७० आणि ९० यांना सुटसुटीत शब्द ठेवले आहेत.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाचे पारडे जड आहे. ‘त्यु’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. इंग्रजीवर वाढलेल्याला हा भेद जड जातो. आपल्याला तो घरचाच. दुकानदाराला ‘वू’, मित्राला ‘त्यु’. आईला आणि देवालाही ‘त्यु’च. हा जिव्हाळ्याचा एकेरीपणा आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही.

ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. परक्याने आपली भाषा इतक्या बारकाईने अभ्यासली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? परभाषा शिकताना मला आपल्याच भाषेचे लिंग, संधी नि सर्वनामे नव्याने दिसली. म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे : वय झाले म्हणून थांबू नका. रोज दहा शब्द शिका, पण ते दहाही शब्द माणसांशी बोलून वापरा.