घरगुती साबण : प्रमाण, थर आणि सुगंध

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांना आपण डॉक्टर मंडळी नेहमी सांगतो, ‘घरी गेल्यावर आधी हात साबणाने धुवा’. कारण निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. साबणाची महती अशी आपल्या जिभेवर असते. पण तो होतो कसा, याचा विचार आपण क्वचितच करतो. अलीकडे बेळगाव-निपाणी परिसरातील बचत गटांच्या भगिनी मला घरगुती साबणाविषयी विचारतात. मी स्वतः हौसेने साबण करते. म्हणून ही कृती आणि तीमागचे शास्त्र येथे मांडत आहे.

तेल आणि तीव्र अल्कली यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेचा उलगडा केला. कारखान्यात ग्लिसरीन बहुधा वेगळे काढतात. घरच्या ‘थंड पद्धती’त ते वडीतच राहते. आपल्या राज्यातील प्रसिद्ध उदाहरण मैसूर संस्थानाचे. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली, तेव्हा संस्थानाने चंदनतेल काढण्यास प्रारंभ केला व त्यातूनच १९१८ च्या सुमारास मैसूर सँडल साबण जन्मास आला.

घरासाठी माझे प्रमाण असे : खोबरेल २०० ग्रॅम, शेंगतेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. खोबरेलाने फेस व कठीणपणा येतो, शेंगतेलाने मृदुता, तर एरंडेलाने फेस टिकतो. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो. एक ग्रॅम खोबरेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगतेलास ०.१३६ व एरंडेलास ०.१२८ ग्रॅम. या हिशेबाने ७७ ग्रॅम सोडा लागला असता. परंतु थोडे तेल मुक्त राहावे म्हणून पाच टक्के कमी घेतला आहे. तेल बदलले की हिशेब पुन्हा मांडावा. वाटी-चमच्याचे माप येथे चालत नाही, ग्रॅमचा काटा हवा. धुण्याचा सोडा किंवा खाण्याचा सोडा हा पर्याय नव्हे.

चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, हवेशीर जागी सोडा पाण्यात हळूहळू सोडावा. सोड्यावर पाणी कदापि ओतू नये. द्रावण उकळते आहे असे वाटावे इतके तापते. भांडे स्टीलचे असावे. जर्मनच्या पातेल्याशी सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण आणि तेल दोन्ही सुमारे ४० अंश सेल्सिअसवर आले की एकत्र करून हँड ब्लेंडरने फिरवावे. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले व चमच्याची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली, की पुढील कामास ते योग्य झाले.

आता त्याचे दोन भाग करावेत. एका भागात अर्धा चमचा हळद, दुसऱ्यात एक चमचा मुलतानी माती, थोड्या तेलात कालवून घालावी. हळद अल्कलीत तांबूस होते. कुंकू करण्याच्या पारंपरिक रीतीतही हेच घडते. वडी मुरता मुरता हा रंग पिवळसर होतो. हळदीचा भाग थोडा अधिक फिरवून दाट करावा आणि बटर पेपर लावलेल्या साच्यात ओतावा. तो वजन पेलण्याइतका घट्ट झाला की दुसरा भाग चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडावा. पहिला थर पूर्ण वाळू दिल्यास दोन्ही थर पुढे सुटतात. म्हणून दुसरा भाग मुद्दाम पातळ राखावा.

सुगंधासाठी थर ओतण्यापूर्वी वाळ्याचे व गवती चहाचे तेल प्रत्येकी पाच ग्रॅम, दोन्ही भागांत वाटून घालावे. वाळ्याचा गंध दीर्घकाळ टिकतो. लिंबासारखे हलके गंध लवकर उडतात. लवंगतेलाने मिश्रण एकदम घट्ट होते, शिवाय ते त्वचेस दाहक आहे. सुगंधी तेलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी बिनवासाचाच साबण करावा.

दोन दिवसांनी हातमोजे घालून बर्फीप्रमाणे वड्या कापाव्यात व चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत ठेवाव्यात. पीएच कागदावर साडेआठ ते दहाच्या दरम्यान अंक यावा. अकरा किंवा अधिक आल्यास ती वडी अंगाला लावू नये. त्वचेचा पीएच सुमारे पाच असल्याने एक्झिमाच्या रुग्णांना किंवा तान्ह्या बाळांना हा साबण ‘औषधी’ म्हणून देऊ नये.

या छंदातील खरा धोका सोड्याचा आहे. अल्कली ऊतींना विरघळवत खोलवर जाते. डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तत्क्षणी स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा, नंतर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. पाण्यापूर्वी दुसरा कोणताही उपाय नको. लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. गिळल्यास उलटी करवू नये, लगेच रुग्णालय गाठावे. सोडा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. मुलांच्या हाती पडणार नाही अशा कुलपात, नाव लिहून ठेवावा. विक्रीसाठी साबण करणाऱ्या गटांनी परवान्याचे नियम आधी समजून घ्यावेत.

औषधाप्रमाणे येथेही मात्रा हेच सर्वस्व आहे. भगिनींनी विचारले, तर आपण त्यांना सुगंधाआधी काटा व चष्मा यांविषयी सांगावे, एवढीच विनंती.